दुधी काच

"परत एकदा विचार कर," भागीदार म्हणाला. "हा स्टिकर नव्हे, नको झाला म्हणून सोलून काढायला. एकदा वाळू मारली की काच जन्माची दुधी."

"म्हणून तर इथे आणलीय," काचवाले म्हणाले.

काच टेबलावर आडवी ठेवली होती. त्यांच्याच घराची, बागेकडे उघडणाऱ्या मागच्या दाराची. काचवाल्यांनी लाकडाला वाळू लागू नये म्हणून चौकटीवर लावलेली चिकटपट्टी बोटांनी चाचपली, एक सुटलेलं टोक दाबून बसवलं. चाळीस वर्षं दोघांनी हाच धंदा केला होता. बाहेरच्या काचेवर स्टिकर लावला की उन्हानं त्याचे पापुद्रे सुटतात, रंगाचा फवारा मारला की तो पिवळा पडतो. वाळूनं खरवडलेली काच मात्र माणसापेक्षा जास्त टिकते, हे ते गिऱ्हाइकांना सांगत आले होते.

"वहिनी त्या बागेवर जीव टाकतात, आणि तू मधे पडदा घालतोयस."

"पलीकडे इमारत उठलीय. अख्खी इमारत आमच्या चहात डोकावते."

भागीदाराला ते पटलं नाही. पण मित्र हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वाळूचा फवारा मारणारा कॉम्प्रेसर चालू केला.

खरं कारण काचवाल्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभर त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं साचत चाललं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता उजेड कळायचा, अंधार कळायचा, मधलं सगळं गेलं होतं. वाळू कुठे कमी बसली ते त्यांना आवाजावरून कळत होतं, म्हणून आजही हात चुकत नव्हता.

लेकीची अट सरळ होती. दोघांपैकी कुणाच्याही डोळ्यांनी, गुडघ्यांनी दगा दिला की घराला कुलूप लावायचं आणि तिच्याकडे, अकराव्या मजल्यावर राहायला जायचं. ती बोलायची प्रेमानं, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अकराव्या मजल्यावर, मातीशिवाय, बायको महिनाभरही तग धरणार नाही अशी काचवाल्यांची खात्री होती. आणि बायकोला सांगायचीही सोय नव्हती. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिला कळलं म्हणजे लेकीला कळलंच.

रोज संध्याकाळी दोघं त्या दारापाशी चहा घेत. पूर्वी बायकोच सगळं सांगायची, कुठे कळी आली, कुठे मांजर लपलं. हल्ली मात्र ती त्यांना विचारायची.

"अहो, फाटकाशी कोण आहे हो?"

काचवाले पावलांच्या आवाजावरून ठोकून द्यायचे, "पोस्टमन."

"तोच तो," ती म्हणायची.

तिला संशय आलाय, ती आपली परीक्षा घेतेय, असं त्यांना वाटू लागलं होतं. पेपर वाचून दाखवायचंही तिनं सोडलं होतं. त्याच त्या बातम्या, म्हणायची. तोही त्यांना सापळाच वाटला. त्यात रविवारी लेक यायची होती. तिनं बागेकडे बोट दाखवून काही विचारलं की संपलंच. काचच दुधी झाली, तर कोण काय विचारणार? बायको चार दिवस बहिणीकडे गेली आणि त्यांनी दार उतरवलं.

कॉम्प्रेसर थांबला. भागीदारानं काच उभी करून पलीकडे हात धरला. "बोटंसुद्धा कळत नाहीत. झकास. खरखरीत बाजू कुठे घेऊ?"

"आत."

"बाहेर घे की. पावसानं भिजली की तेवढा वेळ आरपार दिसेल. वहिनींना दोन सरींची तरी सवलत दे."

काचवाल्यांना तिला ती सवलत द्यावीशी वाटली, फार वाटली. पण मग पावसात पुन्हा ते प्रश्न आले असते.

"आतच," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी भागीदार दार बसवून गेला. काचवाल्यांनी साबणाच्या पाण्यानं काच धुऊन काढली. मग ते समोर बसून राहिले. सायीसारखा मऊ उजेड खोलीभर पसरला होता. त्यांना वाटलं, आपण ढगात बसलोय, आणि घरही आपल्यासोबत हळूहळू वर चाललंय. पण ढगापलीकडे तिचे गुलाब होते. बाग वाचवायला निघालो आणि बागच तिच्या डोळ्यांआड केली. त्यांना रडू आलं.

संध्याकाळी टॅक्सी फाटकाशी थांबली. बायको भिंतीला हात लावत सावकाश आत आली, पिशवी ठेवून थेट स्वयंपाकघरात गेली. काचवाले मनात वाक्यं घोकत होते. समोरची इमारत. चोरांची भीती. शेवटी, चुकलं, माफ कर.

तिनं त्यांच्या हातात कप दिला, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटेपर्यंत धरून ठेवला, आणि नेहमीच्या खुर्चीत बसली.

"अगं, एक सांगायचं होतं," त्यांनी सुरुवात केली.

"आधी चहा घ्या. गार होईल."

ती दाराकडे तोंड करून बसली होती. आता भडका उडणार, असं काचवाल्यांना वाटलं. तिनं मात्र हवेत दोनदा हुंगलं.

"साबणाचा वास येतोय. काच धुतलीत वाटतं?" ती हरखून म्हणाली. "किती लख्ख केलीत हो! गुलाबाची कळी न् कळी दिसतेय."