बारापट

उलारबेकने तिसरी दुर्बीण तुर्दाकुनच्या हातात दिली आणि दुकानाचं दार सताड उघडलं. नारीनच्या बाजारात बंदुकीची दुर्बीण कुणी भिंतीकडे बघून घेत नाही. दारासमोर नदी, नदीपलीकडे डोंगर. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहतं, चौकटीला खांदा टेकतं आणि डोंगराला विचारून सौदा ठरवतं.

"ही बारापट, आताके," उलारबेक म्हाताऱ्याला वडीलकीच्या मानाने म्हणाला. "हिच्यात बोकडाच्या दाढीचे केस मोजून घ्या."

"केस मोजून काय करू? लग्न जुळवायचंय त्याचं?"

म्हातारा हसला, पण मन हसण्यात नव्हतं. घरी त्याच्या बायकोच्या, बुरुलच्या, पोटात पंधरा दिवस चहापलीकडे काही गेलं नव्हतं. काल ती आपणहून म्हणाली, "डोंगरी बोकडाचा अळणी रस्सा प्यावासा वाटतो." एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात तिने तोंडाने मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

त्याने काचेला डोळा लावला आणि डोंगर आवाज न करता जवळ आला. एक दगड, दगडाची सावली, सावलीत डुलणारं पिवळं गवत. गेली तीन वर्षं हे सगळं त्याच्या लेखी धुक्यात गेलं होतं. बाजाराचा गलका मागे कुठेतरी राहिला. आपण उंबऱ्यात नाही, तिकडे उतारावरच चालतोय आणि फक्त आपल्या पावलांचा आवाज येत नाही, असं त्याला वाटलं. किती तरी दिवसांनी तो खूश झाला.

मग त्याला काचेतली नेम धरायची काळी फुली दिसली. ती हलत होती. दगडावरून गवतावर, गवतावरून आभाळात. त्याने श्वास रोखला, कोपर चौकटीला दाबलं. फुली हलतच राहिली.

"हिच्यात काही सैल आहे का रे?"

उलारबेकने दुर्बीण घेतली, बघितलं, परत दिली. "काच घट्ट आहे, आताके." मग खाली बघत तो म्हणाला, "चौपट घ्या ना. तिच्यात थरथर दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे गेली का?"

गेल्या आठवड्यात तुर्दाकुनची गोळी लागून एक बोकड लंगडत कड्याआड गेला होता. दिवस मावळेपर्यंत रक्ताचे ठिपके शोधून तो रिकाम्या हाताने परतला होता. दोष त्याने डोळ्यांवर टाकला होता, कारण डोळ्यांना काच मिळते. हातांना कुठल्या दुकानात काय मिळणार? आणि जखमी जनावर डोंगरात सोडून येणाऱ्याने पुन्हा बंदूक उचलायची नसते, हे त्यानेच गावातल्या पोरांना शिकवलं होतं.

"आठवतं, आताके?" उलारबेकने विषय बदलला. "लहानपणी आम्ही पुलावर तुमची वाट अडवायचो. 'शिरालगा!' ओरडलं की शिकाऱ्याने वाटा द्यायचाच. एकदा तर सगळं मांस आम्हीच नेलं, तुम्ही नुसती शिंगं घेऊन घरी गेलात."

"बुरुल म्हणाली, शिंगं शिजायला किती दिवस लागतात ते पण विचारून यायचं होतं."

"तुम्ही कधी मागितला कुणाकडे शिरालगा?"

"मी?" म्हाताऱ्याने मान ताठ केली. "मी देणाऱ्यांतला."

बोलणं टाळावं म्हणून त्याने पुन्हा डोळा लावला. पायवाटेवरून एक घोडा उतरत होता. तीन पाय पांढरे, म्हणजे कालमुरातचाच. खोगिरामागे वाकडी शिंगं डुलत होती. या कालमुरातला नेम धरायला तुर्दाकुननेच शिकवलं होतं, पहिले सहा महिने शिव्या घालून. काचेत घोडा स्वप्नात चालल्यासारखा सावकाश, बिनआवाजी खाली येत होता. फुली थरथरत शिंगांवरून फिरली, त्यांच्यामागच्या बोचक्यावर आली. आता ती थरथरली तरी काही बिघडत नव्हतं. म्हाताऱ्याची कानशिलं तापली. तो तसाच बघत राहिला, घोडा शेवटचं वळण उतरेपर्यंत.

"मग, कोणती बांधून देऊ?" उलारबेकने विचारलं.

"हीच चांगली. पण नको. हिचं काम झालं."

पुलापर्यंतच्या वाटेवर तुर्दाकुन तो शब्द तोंडात घोळवत गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला शब्द, स्वतःच्या तोंडात काही केल्या बसेना. एकदा वाटलं, मागे फिरावं. मग बुरुलची चुलीजवळ पालथी ठेवलेली लाकडी वाटी आठवली.

कालमुरातने त्याला पाहून घोड्यावरून उडी मारली, छातीवर हात ठेवून वाकला. "आताके! तुम्ही इकडे कुठे?"

"शिरालगा," तुर्दाकुन पुटपुटला.

"पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं, आताके."

"शिरालगा!"

या खेपेला तो पुलावरच्या पोरांसारखा ओरडला. येणारेजाणारे थबकले. कालमुरातला थट्टा वाटली, तो हसला. मग त्याने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने दोरी सोडली. कातड्याचं बोचकं पुलाच्या फळ्यांवर उलगडून ठेवलं, आणि कमरेची सुरी काढून मूठ पुढे केली. "पहिला मागणारा तुम्ही. हवं ते घ्या."

तुर्दाकुन गुडघ्यांवर बसला. सुरीचं टोक थरथरत बोकडाच्या मांडीवरून फिरलं, खाली आलं, आणि पहिल्याच खेपेला नेमकं सांध्यात शिरलं.