आधी देवाला

तव्यावरून उतरलेली पहिली पुरणपोळी ब्रिआनानं आपल्या हातानं उचलली, आणि शुभानं ती तितक्याच झटक्यात तिच्या हातातून काढून घेतली.

"अगं अगं, आधी देवाला!"

तोंडातून गेलं तेही मराठीतच. जन्मभराची सवय, हातानं शुभाला विचारलंसुद्धा नाही. पोळी ताटात परत पडली आणि मग तिला कळलं, आपण काय करून बसलो ते.

ब्रिआना सात वर्षांची. तिच्या आईच्या घरी फ्रिजला साखळी आणि कुलूप होतं. कोर्टानं तिला तिथून काढलं आणि नाताळानंतर ती फॉस्टर मूल म्हणून, म्हणजे कोर्टानं काही काळ सांभाळायला दिलेलं मूल म्हणून, शुभाच्या नेपरव्हिलच्या घरी आली. तेव्हापासून तिनं आपणहून एक बिस्कीटही उचललं नव्हतं. वाढलेल्या ताटाकडे नुसती बघत बसायची. प्रत्येक घासाला "मे आय?" विचारायची आणि विचारायला कुणी नसलं की सरळ उपाशी राहायची. शाळेतून डबा जसाच्या तसा परत यायचा. वजन उतरत चाललं होतं. शेवटी पोरीवर सरकारतर्फे देखरेख ठेवणाऱ्या केसवर्कर लिंडानं सांगून टाकलं, शनिवारी जेवायच्या वेळी येते, पोरीनं आपणहून घेऊन खाल्लेलं मला दिसलं पाहिजे. नाहीतर तिला मुलांच्या संस्थेत हलवावं लागेल. तिथे नर्स असतात, पाळीपाळीनं बदलणारी माणसं असतात. त्या बदलणाऱ्या माणसांचं ऐकूनच शुभाला रडू फुटलं होतं.

आणि आज, लिंडा यायला थोडाच वेळ उरला असताना, ते पोर कुणाला न विचारता पोळीला हात घालून मोकळं झालं होतं.

"सॉरी, मॅम," ब्रिआना म्हणाली. गेला आठवडाभर ती 'शुभा' म्हणत होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत अडकवले आणि ती आपल्या खोलीत निघून गेली. रडली असती तरी शुभाला बरं वाटलं असतं.

नागपूरहून आलेल्या सासूबाई, गिरजाबाई, लाटणं धरून तशाच उभ्या होत्या. "एवढं काय झालं गं? नैवेद्याला दोन मिनिटं लागतात. थांबली असती."

"आई, हिच्या घरी 'थांब' म्हटलं की दोन दोन दिवस जायचे!" शुभाचा आवाज नको तेवढा चढला. "होळी गुरुवारी झाली. सुट्टी नाही म्हणून आपण आज करतोय. गुरुवारपासून थांबलाच ना देव? मग अजून थोडा थांबला असता."

मग गिरजाबाईंनीच त्या पोळीवर तूप सोडलं आणि ताट शुभाच्या हातात दिलं. "जा घेऊन. देवाचं मी बघते."

ब्रिआना पलंगाच्या कडेला, हात मांड्यांखाली दाबून बसली होती. शुभा तिच्यासमोर जमिनीवर बसली. ताट पलंगावर ठेवलं. हे सगळं तुझंच आहे, ती इंग्रजीत सांगू लागली, माझी चूक झाली, आय वॉज राँग, बेटा, आय ॲम सो सॉरी. पण मोठी माणसं सॉरी म्हणतात हे ब्रिआनाला नवं नव्हतं. तिची आईसुद्धा रडून रडून सॉरी म्हणायची आणि मग कुलूप लावायची. तुपाचा वास खोलीभर झाला. पोरीनं आवंढा गिळला, पण हात काही मांड्यांखालून निघाले नाहीत.

"नो थँक यू, मॅम."

बेल वाजली. दार गिरजाबाईंनी उघडलं असावं, कारण कमरेला पेजर लावलेली लिंडा थोड्याच वेळात खोलीच्या दारात उभी होती. बाई वाईट नव्हती. तिनं भरलेलं ताट पाहिलं, मांड्यांखालचे हात पाहिले आणि खांदे पाडले.

"शुभा," ती हळूच म्हणाली, "आय थिंक वी हॅव टू..."

"नो, लिंडा, वेट!" शुभा धडपडत उठली. आता नाही बोलले तर पोर गेलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. "शी टुक इट! आत्ता, जस्ट नाउ, तू यायच्या आधी! किचनमधून. हरसेल्फ! कुणाला विचारलं नाही, काही नाही, अख्खी पोळी! आय स्वेअर, आय सॉ इट!" लेकरानं पहिलं पाऊल टाकल्याचं सांगावं तशी ती सांगत होती, आणि डोळ्यांना धार लागली होती.

ब्रिआनाचा चेहरा पांढरा पडला. तिनं एकदाच शुभाकडे पाहिलं. मग लिंडाकडे वळून घाईघाईनं म्हणाली, "आय डिडन्ट ईट इट. नॉट ईव्हन अ बाइट. यू कॅन चेक."

"नो, नो, हनी, दॅट्स नॉट..." शुभा पुढे झाली. ब्रिआना मागे सरली. मग ती पलंगावरून उतरली, कोपऱ्यातले आपले बूट घेतले आणि जमिनीवर बसून घालू लागली. नाड्या नीट आवळत होती. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

लिंडाच्या मागे गिरजाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, ताटलीत नवी गरम पोळी घेऊन. इंग्रजीतलं त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "न जेवता कुठं निघाली ही?"