रिकामा हात

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात अंबडच्या एसटी स्टँडमागं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोरी पत्ते लढवायच्या. टीव्हीवरच्या कार्टूनमधले पत्ते. पाच रुपयांच्या पाकिटात एकेक निघायचा. ज्याचा आकडा मोठा, तो जिंकला. पूनमला हरवणारं अख्ख्या अंबडात कुणी नव्हतं.

तिच्या कंपासपेटीत परवाच पाकिटातून निघालेला एक पत्ता होता. त्याच्यावर कार्टूनमधली पत्ते लढवणारी बाई होती. तिच्या हातात पाच पत्ते, आणि नजर त्या पत्त्यांवर खिळलेली.

पूनम जिंकली की चित्रातल्या बाईच्या हातचा एक पत्ता नाहीसा व्हायचा. पहिल्यांदा तिनं डोळे चोळून पाहिले. चौथ्यांदा तिला रडूच फुटलं. आता एकच उरला होता.

एकदा हरलं तर गेलेले परत येतील, एवढीच तिला आशा होती. म्हणून आज खेळाआधीच तिनं आपले सगळे मोठे पत्ते मैत्रिणीला, तस्लीमला, देऊन टाकले.

"ठेव तुलाच."

मग उरलेल्यातला सगळ्यात लहान, सातचा पत्ता टाकला.

तस्लीमनं तीनचा टाकला.

"असं काय केलंस गं?" पूनम किंचाळली.

"तू मला इतके भारी पत्ते दिले. मंग तुलाच कशी हरवू? मुद्दाम हरले."

पूनमनं कंपासपेटी उघडली. चित्रातल्या बाईचा हात रिकामा होता. हातात बघायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिनं मान वर करून पूनमवर नजर खिळवली होती.