वादळाचं आवतन

नारळ पदराखाली झाकून कौशल्याबाई भागरताच्या धानाच्या बांधीपाशी आल्या आणि त्यांचे पाय अडले. मातामाय देवीच्या निंबाकडे जायला दुसरी वाट नव्हती. बांधीत घोटाभर पाणी होतं. कापून वाळत टाकलेल्या धानाचे कडपे त्या पाण्यात निजले होते. भागरता एकेक कडपा उचलत होती, झटकत होती, कडेच्या उंच धुऱ्यावर ठेवत होती. काही लोंबांना कोंब फुटले होते.

चार दिवसांचा पाऊस सकाळीच उघडला होता. अख्ख्या दिघोरी गावाचं धान भिजलं होतं, कौशल्याबाईंचंही. स्वतःच्या धानाचं दुःख त्यांनी गिळलं असतं. दुसऱ्यांच्या धानाकडे मात्र त्यांच्यानं बघवत नव्हतं.

"कुठं निघाल्या काकी, येवढ्या चिखलाच्या?"

"तुह्या बापाची वाट होय का? जाऊन राहिली कामाले."

बोलून गेल्या आणि जीभ चावावीशी वाटली. वीतभर धुऱ्यावरून दोघींचं वाकडं होतं. इतर दिवशी भागरतानं एकाच्या चार सुनावल्या असत्या. आज मात्र ती पुन्हा वाकली. कौशल्याबाईंना ते चार टोमण्यांपेक्षा जास्त लागलं.

पावसाळ्यात, धान रोवण्याच्या दिवसांत नात घरी आली होती. रेणू समुद्राचं शिकलेली, तिकडे गोव्याला नोकरीला. बांधीत बायांच्या ओळीत उभी राहून तिनं सगळं समजावून सांगितलं होतं. समुद्राचं पाणी वर ऊन आणि खाली थंड. वादळ आलं की ते सगळं ढवळून काढतं, आपण चिखल करतो तसं. जपानकडे त्याच वादळाला टायफून म्हणतात. ते गेल्यावर पाण्याचं काय होतं, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी जहाज हवं. जहाज एक आणि मागणारे शंभर. वर्षभर आधी अर्ज करा, चार मोठ्या लोकांपुढे उभं राहून पटवा, तेव्हा कुठे थोड्या दिवसांसाठी मिळतं. रेणूला दिवाळीनंतरचे दिवस मिळाले होते.

"म्हणजे तलावाच्या पाण्याची पाळी," कौशल्याबाई म्हणाल्या. दुसरीतून शाळा सुटली असली तरी कोणतीही गोष्ट आपल्याला कळत नाही असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"हो आजी. पाळी गेली की जहाज दुसऱ्याचं."

"अन् तेवढ्यात वादळ नाही आलं त?"

रेणूनं हातातल्या कोवळ्या, रोवायच्या परह्यांकडे बघितलं. "त मग रिकामं परत यायचं. पुन्हा मले कोण देते जहाज?"

तेव्हा ओळीच्या टोकावरून भागरताच बोलली होती, "मंग आवतन पाठवा ना वादळाले! लग्नावानी पत्रिका छापा. मामाच्या नावासंगट!"

बाया खदखदून हसल्या. रेणूही हसली. कौशल्याबाई हसल्या नाहीत. ज्यांना आपल्या पोरींना भंडाऱ्याच्या कॉलेजात पाठवायचं जिवावर आलं, त्यांनी माझ्या नातीच्या जहाजाला हसावं! त्याच संध्याकाळी त्या एकट्या निंबाखाली गेल्या. शेंदूर लावलेल्या दगडापुढे वाकल्या. "माय, पोरीच्या तारखात वादळ येऊ दे. नारळ फोडीन."

समुद्र कुठं आणि दिघोरी कुठं. तिथलं वादळ इथल्या खळ्यात येईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मग दिवाळी सरली आणि जहाजावरून फोन आला. "आजी, आलं! आपल्याच तारखांत आलं! ते पुढं गेलं की आम्ही त्याच्या मागच्या पाण्यात शिरू." पोरीचा आवाज आनंदानं फुटत होता. कौशल्याबाईंनी फोन ठेवला. त्याच दिवशी आभाळ भरून आलं आणि पत्र्यावर थेंब वाजू लागले. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, समुद्रातल्या वादळाचाच हा पाऊस. कौशल्याबाईंनी टीव्ही बंद केला.

नवस फेडला तर गावाला कळणार, कोणी मागितलं होतं हे पाणी. न फेडावा तर पोरगी अजून समुद्रात होती.

निंबाखाली त्या पोचल्या. नारळ पदरातून काढला. तेवढ्यात मागे चिखलात पावलं वाजली. डोक्यावर ओल्या लोंबांची टोपली घेऊन भागरता उभी होती. तिची नजर नारळावर होती.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. कौशल्याबाईंची मान आयुष्यात कुणापुढे खाली गेली नव्हती, ती गेली.

"भागरते, हे पाणी म्या मागलं. रेणूच्या जहाजासाठी. तुह्या धानाले मी लागली. काय बोलाचं ते बोल."

भागरतानं टोपली खाली ठेवली. मग तिनं ओल्या लोंबांच्या तळाशी हात घातला, चाचपला, आणि चिखलानं माखलेला नारळ बाहेर काढला.

"सरका उलशा," ती म्हणाली. "म्याबी मागलं होतं. पोरगी का तुमची एकटीचीच होय?"