उजळ माथ्याने

"दीदी, मला लाल फीतच द्या," नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्रं वाटणाऱ्या कुमुदताईंना तौफीक म्हणाला. देवधर्म न मानणाऱ्या मानवतावाद्यांच्या त्या जागतिक परिषदेत ज्याच्या गळ्यात लाल फीत, त्याचा फोटो काढायचा नाही, असा दंडक होता. तौफीकच्या गावात नास्तिकाचा चेहरा ओळखू येणं म्हणजे मरण.

शेवटच्या दिवशी ग्रुप फोटोला सगळे जमले, तेव्हा तो एकटाच खांबाआड उभा राहिला. कुमुदताईंना राहवेना. "अरे, सगळी आपलीच माणसं आहेत. एकदा तरी उजळ माथ्याने उभा राहा!" म्हणत त्यांनीच त्याची फीत काढली आणि खांद्यावर हात ठेवून त्याला शेजारी उभं केलं. तो मनमोकळं हसला.

तो फोटो कुणीतरी कौतुकाने फेसबुकवर टाकला. महिन्याच्या आत मारेकऱ्यांनी तौफीकला त्याच्याच दारात भोसकलं.

पुढच्या परिषदेत त्याला आदरांजली होती. दुसरा फोटोच नव्हता, म्हणून आयोजकांनी त्या ग्रुप फोटोतलाच त्याचा चेहरा मोठा करून पडद्यावर लावला. बाकी सगळे चौकटीबाहेर गेले होते. खांद्यावरचा हात तेवढा राहिला होता.

"कुणाचा हो हा हात?" शेजारची बाई हळहळली. "किती मायेने ठेवलाय!"

कुमुदताईंनी आपला हात पदराखाली घेतला.