नळीत काय हाय?

पैज मिशीवर लागली.

"नळीत काय हाय ते त्यो खरं सांगनार," रायभान म्हणाला.

"सरकारी मानूस अन् खरं?" मुंजाजी हसला. "आवशीद हाय म्हनंल, टोचंल अन् मोकळा व्हईल."

"बघ तरी कसा पडलाय. एवढा दमलेला मानूस खोटं बोलत न्हाई. हरलो तर माजी मिशी, हितंच पारावर."

मुंजाजीनं मिशीला हात लावून बघितला. मग म्हणाला, "हरलो तर माजी."

ज्याच्यावर पैज लागली तो त्याच पारावर आडवा पडला होता. देवी टोचणारे दिनकरराव. पेडगावाहून तीन कोस चालून आलेले. डोळे मिटलेले, कान उघडे. दोघा शेजाऱ्यांना वाटलं, झोपलाय. बाजारातल्या बैलावर लावावी तशी आपल्यावर पैज लावतायत, याचा दिनकररावांना रागही आला नाही. रागाला अंगात जोर लागतो.

हे त्यांचं महिन्यातलं एकोणिसावं गाव. शेजारच्या गावात देवीची साथ होती आणि इथली पोरं आजच टोचायचा जिल्ह्याच्या तालुकदारांचा हुकूम होता. पिशवीत ओल्या फडक्यात लसीच्या बारीक काचेच्या नळ्या होत्या. या उन्हात त्या उद्या कामाच्या राहणार नव्हत्या.

"काय रं मुंज्या," रायभानची जीभ काही थांबेना, "वैनी रुसली का काय? चार दिस झाले, तुज्या घरातून फोडनीचा वास न्हाई. आमी शेजाऱ्यानं भाकर कशाच्या वासावर खावी?"

"गप की," मुंजाजी म्हणाला आणि वाढलेली दाढी खाजवली.

दवंडी ऐकून बाया जमल्या. वीसेक पोरं असतील. सगळ्यांत पुढं कडूबाई, कडेवर वर्षाची पोर. दिनकरराव उठून बसले.

"डाक्टरसाब, त्या नळीत काय हाय?"

रायभाननं मुंजाजीला कोपर मारलं.

कालच्या गावात दिनकररावांनी 'झाडपाल्याचं औषध' सांगितलं होतं. तीस पोरं टोचून झाली होती. तेच वाक्य जिभेवर आलं. पण ते उचलून बाहेर टाकायचाही कंटाळा आला.

"वासराच्या अंगावर देवीचे फोड उठवतात," ते म्हणाले. "त्यातली लस. गाईचं वासरू का म्हशीचं रेडकू, ते मला ठाऊक नाही."

"अगं माय!" मागून कुणीतरी म्हणालं.

"दूध दुपारपतूर नासतंय," कडूबाई म्हणाली. "हे कसं नासंना?"

"त्यात ग्लिसरीन घालतात. चिकट, गोडसर असतं. त्यानं टिकते. पण या उन्हात आजच्यापुरतीच."

"टोचल्यावर पोर तापंल?"

"तापेल. दंड सुजेल. वण राहील."

कडूबाईनं पोरीच्या दंडावर पदर ओढला. "वासराचं पानी माज्या लेकराच्या अंगात? न्हाई बाई."

ती वळली तशा सगळ्या वळल्या. दिनकररावांनी कुणाला अडवलं नाही. कोरं रजिस्टर मिटलं आणि पिशवीला गाठ मारली.

"जितलो!" रायभान पारावर नाचला. "बोलवा रं न्हाव्याला!"

मिशी उतरताना काही रोज बघायला मिळत नाही. निघालेल्या बायाही थांबल्या. न्हावी धोकटी घेऊन आला. मुंजाजी मांडी घालून बसला. रायभाननं त्याचं डोकं धरलं.

"उजवीकून लाव, तिकडं पीक जोरात हाय."

न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तऱ्याला धार दिली. पातं ओठाशी आलं तसं मुंजाजीनं त्याचं मनगट धरलं.

"वस्तरा लावू नगस. घरात माय आलीय."

रायभानचा हात आपोआप सुटला. देवी आलेल्या घरात फोडणी घालत नाहीत, वस्तरा लावत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"कवापासनं?"

"पाचवा दिस. धाकटीला. तुमी हिरीवर पानी बंद कराल म्हनून बोललो न्हाई." मुंजाजीनं दिनकररावांकडं बघितलं. "ह्यो खोटं बोलंल म्हनलो. खोटं तर मीच बोलायलो व्हतो. रायभान, पैज हरलो. मिशी देता येत न्हाई, खरं तेवढं घे. मी बी लय दमलो."

गावाला हसवणाऱ्या रायभाननं आपल्या घराकडं बघितलं. त्याचं घर मुंजाजीच्या भिंतीला भिंत लावून होतं.

दिनकरराव पिशवीची गाठ सोडायला लागले. गाठ लवकर सुटेना.

कडूबाई परत पारापाशी आली.

"आजच्यापुरती टिकती म्हनलात न्हवं?" तिनं विचारलं आणि पोरीच्या दंडावरचा पदर काढला.