आत्याचा दहीभात

डब्याचं झाकण उघडताच मैना अंथरुणात उठून बसली. डोळ्यांतला हळदीसारखा पिवळेपणा ओसरत चालला होता आणि आज पहिल्यांदाच ती भूक लागली म्हणाली होती. आत्याने तिला मांडीवर घेऊन दहीभात भरवायला सुरुवात केली. केशर लेकीचा घास घास डोळ्यांत साठवत उभी राहिली.

मैनाच्या अंगातले पहारेकरीच, रोगांशी लढणाऱ्या पेशीच, तिच्या यकृतावर उलटले होते. डॉक्टरांनी औषधं देऊन त्यांना झोपवलं होतं. "यकृत सावरतंय," सकाळीच ते म्हणाले होते, "पण आता पहारा तुमचा. साधासुधा आजारसुद्धा आत येता कामा नये." केशरने सगळ्या पाहुण्यांना परत पाठवलं. सख्ख्या नणंदेला मात्र कुठल्या तोंडाने नको म्हणणार? हात धुवायला आणि मास्क बांधायला लावून तिनेच आत घेतलं होतं.

"वन्सं, भाताला फोडणी नाही घातलीत?" तिने सहज विचारलं.

"घरात फोडणी चालत नाही ना सध्या! धाकट्याच्या अंगावर बया आल्यात. अंगभर फोड, रात्रंदिवस कुशीत घेऊन बसलेय. आज देवीला नैवेद्य दाखवला, म्हटलं प्रसाद मैनालाही द्यावा."

कांजिण्या! केशर दचकून पुढे सरकली.

"घाबरताय काय वहिनी? देवी लेकरांचं वाईट करत नाही." आत्याने मास्क हनुवटीखाली ओढला आणि मैनाचा मुका घेतला.

केशरने झडप घालून पोरीला ओढून घेतलं. मैनाचा गाल अजून ओला होता आणि आत पहारेकरी गाढ झोपले होते.